फिरती कार्यशाळा: कोलकात्यात सर्व्हिस व्हॅन उभी करताना

कोलकाता शहराच्या एकूण क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. अनेक रस्ते एकेरी आहेत आणि त्यांपैकी काहींची दिशा दुपारनंतर उलटी होते. मालवाहू गाड्यांना दिवसा बऱ्याच रस्त्यांवर मज्जाव असतो. अशा शहरात बंद पडलेली मोटार, जनरेटर किंवा इमारतीचा पाण्याचा पंप गॅरेजपर्यंत ओढून नेण्यापेक्षा गॅरेजच त्याच्या दारी नेणे अधिक सोयीचे ठरते. लहानशा व्हॅनमध्ये अवजारे, कॉम्प्रेसर आणि वीज यांची व्यवस्था करून फिरती कार्यशाळा उभारण्यामागे हेच कारण आहे.

ही कल्पना या शहराला नवी नाही. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर या मार्गावर विजेवरील ट्राम सुरू झाली. नादुरुस्त ट्राम नोनापुकुर येथील कारखान्यात नेता येत असे. डोक्यावरची ५५० व्होल्टची तार मात्र तुटली की तिच्याकडेच जावे लागे. त्यासाठी मचाण बसवलेली गाडी हाच उपाय होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीचे पिछाडीचे केंद्र कोलकाता हेच होते आणि त्या काळात सैन्याच्या दुरुस्तीशाळा लॉरींवर चढल्या. भारतीय सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलाची, म्हणजेच ईएमईची, स्थापनाही १९४३ मधली.

आधी कागद, मग लोखंड

व्हॅन घेतली, वेल्डरकडे नेली आणि रॅक ठोकून घेतले, असा अनेकांचा क्रम असतो. तो महागात पडू शकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवल्यास होणारे नुकसान याहून मोठे असते.

यातून मार्ग आहे. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत परिवहन वाहनांच्या यादीत 'फिरती कार्यशाळा' हा प्रकार स्वतंत्रपणे नमूद आहे. कोलकात्यात बेलतला येथील मोटार वाहन कार्यालयात बदलाचा आराखडा आधी दाखवून, त्या वर्गात नोंद कशी होईल हे विचारून घेणे आणि मगच पत्रा कापणे शहाणपणाचे. परिवहन वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते, याचाही हिशेब धरावा.

वजनाचा हिशेब

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने पुण्यात तयार केलेली 'एस' ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली आणि अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या फिरत्या गॅरेजला सोयीचे वाहन मिळाले. तिच्या पहिल्या मॉडेलची भारक्षमता होती ७५० किलो. आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो लवकर संपतो.

पत्र्याची बंद पेटी सुमारे १८० किलो, रॅक ७० किलो, टाकीसह दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर ९० किलो, लहान जनरेटर ६० किलो, बाक आणि बेंच व्हाइस ५० किलो, जॅक ३० किलो, पान्हे व सुटे भाग १५० किलो, आणि मदतनीस ६५ किलो. हे ढोबळ अंदाज धरले तरी बेरीज ६९५ वर जाते. उरलेल्या ५५ किलोंत ऑक्सिजनचा एक मोठा सिलिंडरही बसत नाही, कारण त्याचे वजन ६० किलोंच्या वर असते. जादा भारासाठी २०१९ पासून किमान २० हजार रुपये दंड आहे. म्हणून रिकामी गाडी एकदा आणि सगळे सामान बसवल्यावर पुन्हा एकदा वजनकाट्यावर चढवावी.

जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवाव्यात. वाहने रस्त्याच्या डाव्या कडेला थांबत असल्याने कामाचे दार डावीकडे हवे. उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांत मात्र मागचेच दार उघडता येते. पावसाळ्यात ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट यांसारख्या भागांत पाणी तुंबते. त्यामुळे बॅटरी, प्लगच्या जागा आणि तारांचे जोड जमिनीलगत ठेवू नयेत.

वीज आणि गॅस

१२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॉटचा इन्व्हर्टर चालवल्यास ८० ते १०० अँपिअर प्रवाह ओढला जातो. घरगुती तार त्यासाठी निरुपयोगी. जाड केबल आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर हे ओझे टाकू नये, वेगळी बॅटरी ठेवावी. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते, तेव्हा नेमक्या मापाचा जनरेटर कमी पडतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी या दोन गोष्टींत काटकसर करणारा ओल्या रस्त्यावर स्वतःचाच जीव धोक्यात घालतो.

जनरेटर बंद पेटीत चालवणे त्याहून घातक. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मेकॅनिकला गुदमरण्याची जाणीवही होत नाही. ॲसिटिलीनचा सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि हवा खेळेल अशा जागी असावा; बंद व्हॅनमध्ये झालेली किरकोळ गळतीही स्फोटास पुरेशी ठरते. सिलिंडरविषयक नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. वेल्डिंगचे काम रोज नसेल, तर गॅस सोबत न बाळगता गरजेपुरता मागवणे उत्तम.

खिळून न टाकलेले रॅक

कोलकाता उच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिलेल्या आदेशानंतर १५ वर्षांपेक्षा जुनी व्यावसायिक वाहने शहर आणि महानगर परिसरातून हटवण्यात आली. त्यासाठीची अंतिम मुदत ३१ जुलै २००९ होती. पुढे बसगाड्यांच्या बाबतीत या मर्यादेच्या फेरविचाराची मागणी होत राहिली, म्हणून जुनी व्हॅन घेण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला नियम परिवहन कार्यालयातून लेखी माहीत करून घ्यावा. दहा वर्षे वापरलेली व्हॅन स्वस्त मिळते खरी, परंतु तिच्या पोटात घातलेला खर्च पाच वर्षांत भंगारात जाण्याची शक्यता असते.

यामुळेच रॅक वेल्ड न करता नट-बोल्टने बसवणे इष्ट. मल्लिक बाजारात जुने सुटे भाग, चांदनी चौकात विजेचे सामान आणि हावड्याच्या बेलिलियस रोडवरील छोट्या कारखान्यांत हवे ते लोखंडी काम करून मिळते. रॅक दोन माणसांना उचलता येतील अशा तुकड्यांत बनवावेत आणि पातळ पत्र्याच्या तळाखाली आधाराच्या पट्ट्या द्याव्यात. चॅसिसला नवी भोके पाडू नयेत. व्हॅनची मुदत संपली की हेच रॅक, बाक आणि विजेची पेटी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवता येतात. भारक्षमता मॉडेलनुसार बदलत असल्याने नव्या गाडीला वजनकाट्याची फेरी पुन्हा करावी लागते.