जुन्या घरांची दुरुस्ती : मुंबईचा उपकर आणि गोंदियाची बाजारपेठ

जुनी इमारत न पाडता व तिच्यातील भाडेकरूंना न उठविता ती पुन्हा राहण्याजोगी करणे, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम मुंबई बेटावर कायद्याच्या कक्षेत आला. गोंदियासारख्या शहरापर्यंत त्या व्यवस्थेची अर्धीच बाजू पोहोचली. कमी विजेत निभावणाऱ्या स्वस्त घराचा आजचा विचार ह्या इतिहासाशी निगडित आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्याची सांगड १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी घातली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु चुना, लाकूड व मजुरी ह्यांचे दर वाढत गेले आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. ह्यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये उपकर बसविण्यात आला व इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. बांधकामाच्या काळानुसार 'अ', 'ब' व 'क' असे तीन वर्ग पाडण्यात आले. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या; पैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. खाजगी मालकीच्या घराची दुरुस्ती हे अंशतः सार्वजनिक कर्तव्य होय, हे तत्त्व येथे मान्य झाले.

तथापि दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा होती. ती ओलांडली की इमारत पुनर्रचनेच्या मार्गाला लागे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) ह्या नियमाने वाढीव चटईक्षेत्र देऊ केले, आणि जतनापेक्षा पाडण्यात लाभ दिसू लागला. शासकीय भाषेतील बदलही बोलका आहे. 'दुरुस्ती' हा फारसी शब्द उभ्या वस्तूला नीट करण्याचा अर्थ देतो. 'पुनर्रचना' व 'पुनर्विकास' हे शब्द आधीची वस्तू संपली असे गृहीत धरतात.

गोंदिया १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होते; त्यामुळे विदर्भातील शहरांत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश चालू राहिला. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या १९९९ च्या कायद्याने राज्यभर भाडेनियंत्रणाची व्यवस्था एक केली. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी त्यात तरतूद आहे. मात्र वर्षाला भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. भाडे अल्प असेल, तेथे ही रक्कम छपराच्या एका कोपऱ्यालाही पुरत नाही. उपकर व मंडळ मात्र मुंबईतच राहिले.

ऊर्जेच्या नियमांचीही हीच गत झाली. २०१८ च्या इको निवास संहितेने घराच्या भिंतींतून व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॉट ही मर्यादा घातली. परंतु ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या निवासी इमारतींसाठी होती. बाजारपेठेत खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेले जुने घर तिच्या कक्षेबाहेर राहिले. वस्तुतः अशा घराची जाड भिंत दुपारची उष्णता उशिरा आत सोडते व कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. कवेलू काढून पत्रे घातले की वैशाखात वरची खोली तापते. छपराखाली उष्णतारोधक थर, खिडक्यांवर सावली, बुजविलेले झरोके मोकळे करणे व भिंतींची ओल काढणे, ही कामे इमारत न पाडता होऊ शकतात. अडचण हिशेबाची आहे : खर्च मालकाचा, विजेच्या बिलातील बचत भाडेकरूची.

फ्रान्समधील बोर्दो येथे २०१७ च्या सुमारास ५३० सदनिकांच्या नूतनीकरणात हे कोडे सुटले. १९६० च्या दशकातील त्या इमारतींना बाहेरून काचबंद सज्जे जोडण्यात आले, आणि रहिवासी कामाच्या काळातही आपापल्या घरी राहिले. तेथे मालक सार्वजनिक गृहसंस्था होती. तिने नफ्यासाठी पाडण्याचा विचार करण्याचे कारण नव्हते.

गोंदियातील घरे बहुधा खाजगी मालकीची असल्याने तो मार्ग जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. म्हणूनच १९६९ चे तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते. मुंबईत दुरुस्तीची व्याख्या इमारत कोसळू नये एवढीच राहिली. विदर्भासाठी तसा निधी उभारायचा झाल्यास उन्हापासूनचे रक्षण त्या व्याख्येत आणावे लागेल. आणि काम संपल्यावर त्याच भाडेकरूला त्याच खोलीत राहता येईल, ही अट प्रथम लिहावी लागेल.