चालत्या गाडीखालचा रूळ

अकोला–पूर्णा लोहमार्ग आपणां वाशीमकरांच्या ओळखीचा आहे. मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज करण्यासाठी जुनी गाडी बंद ठेवावी लागली आणि २००८ साली नवी धावू लागली. उलट गँगमन रोज थोडी खडी सारतो, सैल झालेली पकड घट्ट करतो, आणि गाडी चालूच राहते. दुरुस्तीच्या या दोन तऱ्हा संगणकाच्या जगातही आहेत.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. त्याभोवती हजारो लहान प्रोग्राम जोडून निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या प्रणाली उभ्या केल्या. १९९३ साली सुरू झालेले डेबियन साधारण दोन वर्षांनी एक स्थिर आवृत्ती काढते. हा झाला गेजबदल. २००२ साली जड व्हिनेट या कॅनडातील गृहस्थाने आर्च लिनक्स सुरू केले. त्यात आता ठरावीक आवृत्त्या नाहीत. जो भाग तयार झाला तो लगेच लोकांच्या हाती. याला रोलिंग रिलीज म्हणतात. हे गँगमनचे काम.

मग घरच्या टेबलावरील असा संगणक किती दिवसांनी अद्ययावत करावा? कोणी रोज सकाळी करतो, कोणी सहा महिने हात लावीत नाही. आमच्या मते आठवड्यातून एकदा करावा, आणि धोक्याची सूचना आली तर त्याच दिवशी. मात्र करावयाचा तो सगळा करावा. निम्मा भाग नवा आणि निम्मा जुना ठेवणे म्हणजे अर्धा मार्ग मीटरगेज व अर्धा ब्रॉडगेज. शिवाय आर्चची मंडळी जी सूचना देतात ती आधी वाचावी. जून २०१३ मध्ये त्यांनी सर्व प्रोग्रामांची जागा एकाच कप्प्यात हलविली, तेव्हा सूचना न वाचता आज्ञा देणारे अडचणीत आले.

विलंबाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे, जरी ती लिनक्सची गोष्ट नव्हे. विंडोजमधील एका छिद्राचे ठिगळ मार्च २०१७ मध्येच मिळाले होते. अनेकांनी ते लावले नाही. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा उपद्रव जगभर पसरला आणि न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. बोटी खोळंबल्या, कंटेनर अडकून पडले. पण हा उपद्रव मुळात शिरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या अपडेटमधूनच! चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर तो ठिगळ लावलेल्या यंत्रांतही घुसला. तेव्हा केवळ घाई हाही उपाय नव्हे.

लिनक्सवर हीच पाळी २०२४ साली आली. एक्सझेड हा फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळीत. २०२२ मध्ये त्यांच्यामागे पत्रांचा तगादा लागला: काम मंद आहे, दुसऱ्या कोणाला तरी द्या. बिनपगारी माणसाला वेगाचा जाब विचारणारे हे कोण? ती नावे बनावट असावीत, असे आता मानले जाते. 'जिया टॅन' या नावाने मदतीला आलेल्या इसमाच्या हाती हळूहळू कारभार गेला, आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार निघाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने माग काढून २९ मार्चला ते उघड केले.

डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली, कारण तिच्यात जुना एक्सझेड होता. आर्च, टंबलवीड या रोलिंग प्रणालींत नवा पोहोचला होता. आर्चमध्ये तो ज्ञात मार्गाने कामी येत नव्हता, तरी माल दूषितच. आठवड्याचा विलंब येथे उपयोगी पडला नसता, हे आमच्या मताविरुद्धचे सत्य सांगितलेच पाहिजे. मात्र आर्चने त्याच दिवशी शुद्ध भाग दिला. मार्चच्या मध्याला अद्ययावत करून जूनपर्यंत स्वस्थ बसलेल्याच्या यंत्रात मात्र तो दोष तसाच राहिला असता.

तो भाग काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी निघाली. ती काढणारे लासे कॉलिनच होते.