गोस्वामी, बी. एन.

गोस्वामी, ब्रिजिंदर नाथ : (१५ ऑगस्ट १९३३ – १७ नोव्हेंबर २०२३). भारतीय कलेतिहासकार. जन्म सरगोधा (सध्या पाकिस्तानात). भारतीय प्रशासन सेवेत १९५६ मध्ये दाखल झाले, पण १९५८ मध्ये राजीनामा देऊन संशोधनाकडे वळले. कांगडा चित्रकलेच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील प्रबंधाला पंजाब विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली (१९६१). पुढे चंदीगडला त्याच विद्यापीठात त्यांनी कलेतिहास शिकवला. पद्मश्री (१९९८) व पद्मभूषण (२००८) हे सन्मान त्यांना लाभले.

हिमालयाच्या पायथ्याच्या छोट्या संस्थानांत सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत फुललेल्या पहाडी लघुचित्रांची वर्गवारी पूर्वी संस्थानांनुसार होई : बसोली शैली, गुलेर शैली, कांगडा शैली. डब्ल्यू. जी. आर्चर यांच्या लेखनाचा साचा हाच होता. चित्रकार मात्र बहुतेक अनाम राहिले. गोस्वामींनी त्यांचा माग काढला तो चित्रसंग्रहांत नव्हे, तर हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांत. अस्थिविसर्जनाला आलेला यजमान आपले गाव, जात, वाडवडील आणि मुलेबाळे या लांबट वह्यांत नोंदवून जातो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या पाहिलेल्यांना ही रीत नवी नाही. पहाडी मुलखातल्या पुष्कळ नोंदी टाकरी लिपीत असल्याने त्या वाचणेच आधी कष्टाचे होते. गुलेरचे पंडित सेऊ, त्यांचे पुत्र माणकू व नैनसुख आणि पुढच्या पिढ्या अशी वंशावळ या नोंदींतून उभी राहिली. महसुली बंदोबस्ताच्या कागदांनी तिला दुजोरा मिळाला.

माणकूचा तिढा विशेष बोलका आहे. १७३० च्या गीतगोविंद चित्रमालेच्या पुष्पिकेत हे नाव येते, पण श्लोक असा की माणकू म्हणजे चित्रकार की चित्रे करवून घेणारी कुणी स्त्री, यावर जाणकारांत वाद झाला. वंशावळीत माणकू सेऊचा मुलगा म्हणून सापडल्यावर चित्रकाराच्या बाजूचे पारडे जड झाले. या मालेची पाने फाळणीनंतर लाहोर आणि चंदीगडच्या संग्रहालयांत विभागली गेली आहेत.

नैनसुखने जसरोट्याचा राजा बलवंतसिंह दाढी कोरून घेताना आणि थंडीत रजई लपेटून शेकोटीपाशी बसलेला असाही चितारला. दरबारी चित्रांत इतका घरगुती राजा विरळाच. राजाच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, तो हरिद्वारला गेला. तिथल्या बहीत त्याने स्वहस्ते नोंद केली आणि सोबत रेखाचित्रही काढले.

या शोधावर आधारलेला ‘पहाडी पेंटिंग : द फॅमिली ॲज द बेसिस ऑफ स्टाइल’ हा निबंध मुंबईच्या मार्ग नियतकालिकात १९६८ मध्ये आला. शैली राजाच्या सरहद्दीला बांधलेली नसते. चित्रकार आश्रयासाठी गाव बदलतो आणि घराण्याचा हात त्याच्यासोबत जातो, हे त्यातले प्रतिपादन. त्याने पहाडी चित्रांच्या अभ्यासाची दिशा बदलली. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते. बही नावे देते, चित्रे देत नाही. निनावी चित्र कुणाचे, हे अखेर रेषा व रंग पारखणाऱ्या नजरेनेच ठरते, आणि तिथे मतभेदांना जागा उरते.

या कामाआधी एक वर्ष, १९६७ मध्ये, जे. एस. ग्रेवाल यांच्यासह त्यांनी द मुघल्स अँड द जोगीज ऑफ जखबर हा ग्रंथ सिद्ध केला. नाथपंथी जोग्यांच्या गादीला मोगलांनी दिलेल्या जमिनींचे फारसी दस्तऐवज त्यात छापले आहेत. कलेतिहासकार म्हणून गाजलेल्या गोस्वामींची ही बाजू कमी वाचली जाते, वस्तुतः कागदपत्रांवरची त्यांची पकड इथेच नीट दिसते.

नैनसुख ऑफ गुलेर (१९९७) व द स्पिरिट ऑफ इंडियन पेंटिंग (२०१४) हे त्यांचे अन्य महत्त्वाचे ग्रंथ. चंदीगडहून निघणाऱ्या द ट्रिब्यूनमधील त्यांच्या दीर्घकाळ चाललेल्या सदराने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. भारतीय कला-साहित्यातील मांजरांवरचे द इंडियन कॅट हे पुस्तक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.