रापण आणि होडी : किनाऱ्यावरील जुन्या मर्यादेचा इतिहास

पाण्यातून मासा काढणाऱ्यांचे दोन वर्ग फार प्राचीन काळापासून चालत आलेले आहेत. एक वर्ग काठावर पाय रोवून मासा आपल्याकडे ओढणारा, आणि दुसरा होडीत बसून मासा असेल तेथे जाणारा. नदी असो, खाडी असो की समुद्र असो, दोघांना पाणी एकच आणि मासाही एकच. अशा स्थितीत एकाच्या कामात दुसऱ्याचा अडथळा होणे अगदी स्वाभाविक आहे. तथापि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर हे दोन्ही वर्ग पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारी नांदले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही सरकारी कायद्याची गरज भासली नाही. त्यांच्यामध्ये जी अलिखित मर्यादा होती, तिचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या गाबीत समाजाचा इतिहास सांगताना सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी, मराठ्यांचे आरमार, गुराबा आणि गलबते यांचे वर्णन नेहमी केले जाते, व ते योग्यच आहे. परंतु १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू झाले, त्याच्या समोरच्या वाळूत त्याआधीही आणि त्यानंतरही जाळी ओढली जातच होती. लढाईतील पराक्रमाइतकाच रोजच्या पोटापाण्याच्या व्यवहारातील शहाणपणाही इतिहासाचा भाग होय, असे आम्हांस वाटते.

प्रथम खाडीकडे पाहू. कर्ली, गड, वाघोटण या आपल्या नद्या समुद्रास मिळण्यापूर्वी रुंद खाड्या होतात. भरतीच्या पाण्याबरोबर मासा आत येतो आणि ओहोटीबरोबर बाहेर जातो. काठावरील खडकावर गरी टाकून बसलेला माणूस या पाण्याच्या वेळा धरून बसतो. त्याला जागा सोडता येत नाही, कारण मासा ज्या वाटेने जातो ती वाट त्याच्या पुढ्यातच असते. होडीवाल्याला मात्र चार हात पलीकडे सरकता येते. म्हणून काठावर कोणी गरवत असेल, तर होडी पलीकडच्या अंगाने न्यावी, वल्ह्याचा आवाज करू नये आणि त्याच्या पुढ्यात पागेर टाकू नये, ही साधी रीत. ज्याला हलता येते त्याने न हलणाऱ्याला वाट द्यावी, हे तिचे तत्त्व. हेच तत्त्व समुद्रावर रापणीच्या संबंधात अधिक विस्ताराने पाळले गेले.

रापण म्हणजे काय हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. परंतु शहरांत वाढलेल्या नव्या पिढीसाठी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. गोव्यात जिला रांपण आणि कारवारकडे रंपणी म्हणतात, तीच आपली रापण. अनेक घरांच्या जाळ्यांचे तुकडे एकास एक जोडून हे लांबच लांब जाळे सिद्ध होते. वरच्या कडेला बोये आणि खालच्या कडेला वजने बांधलेली असल्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती ठेवून होडी जाळे सोडीत सोडीत समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घेते आणि काही अंतरावर दुसरे टोक किनाऱ्यास आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे हळूहळू वाळूकडे येऊ लागते. लहान रापणीला काही डझन माणसे पुरतात. मोठीला शंभराच्या घरात माणसे लागतात. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा हंगाम चालतो, आणि बंगडा व तारली हे त्यातील मुख्य मासे होत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. रापणकाराला माशाच्या मागे जाता येत नाही. मासा किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच त्याचे काम. त्यासाठी अनुभवी माणूस पाण्याच्या रंगावर व पक्ष्यांच्या घिरट्यांवर नजर ठेवून असतो. घोळका टप्प्यात आला की जाळे सोडावयाचे. जाळे सोडल्यापासून त्याची दोन्ही टोके जवळ येईपर्यंत घोळक्याला निसटून जाण्याची वाट मोकळी असते. या वेळी एखादी होडी मधून गेली, वल्हे आपटले किंवा कोणी आरडाओरडा केला, तर बंगडा बिचकून बाहेर पडतो आणि शंभर माणसांचा दिवस फुकट जातो. म्हणून होडीवाल्याने रापणीपासून दूर राहणे म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. त्यावर अनेक घरांची चूल अवलंबून होती.

या व्यवहारातील मर्यादा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. त्यांचा सारांश असा : पहिली मर्यादा ही की, सोडलेल्या जाळ्याच्या वेढ्यातून किंवा त्याच्या तोंडावरून होडी न्यावयाची नाही, वळसा घालावयाचा, मग कितीही वल्हवावे लागो. दुसरी, रापणीच्या टापूच्या समोर माशाची वाट अडेल अशी जाळी लावावयाची नाहीत. होडीवाल्याने आपली जाळी त्या पलीकडील खोल पाण्यात टाकावी. तिसरी मर्यादा रापणकारावर होती. होड्या ज्या वाटेने किनाऱ्यास लागतात ती वाट त्याने अडवावयाची नाही, आणि वाऱ्यात सापडलेली होडी येत असेल, तर जाळे थांबवूनही तिला जागा द्यावयाची. चौथी, एकाच किनाऱ्यावर अनेक रापणी असतील, तर पाळीने जाळे सोडावयाचे. ज्याची पाळी त्याचा घोळका, मग तो लहान निघो की मोठा.

यांच्या जोडीला वाटणीची रीतही सांगितली पाहिजे. ज्याचे जाळे त्याला जाळ्याचा वाटा आणि जो ओढी त्याला श्रमाचा वाटा, असा हिशेब असे. त्यामुळे ज्या घरात ओढणारा पुरुष उरला नाही, त्या घराचा जाळ्याचा तुकडा रापणीत असला, तर त्या घरालाही काही मिळे. दोराला येऊन हात लावणाऱ्या वाटसरूलाही चार मासे दिल्यावाचून परत पाठवीत नसत. म्हणून रापण बिघडली म्हणजे एका मालकाचे नव्हे, तर अवघ्या वाडीचे नुकसान होई, आणि हे होडीवाल्यास पूर्ण ठाऊक असे. कित्येकदा त्याच्याच घरचा तुकडा त्या जाळ्यात असे.

पूर्वीचे लोक सगळे साधुसंत होते असे आमचे म्हणणे नाही. तंटे होत, शिवीगाळ होई, क्वचित हातघाईही होई. परंतु तंटा गावच्या जाणत्यांपुढे आणि ग्रामदेवतेच्या साक्षीने मिटविण्याची सोय होती; आणि ज्याच्याशी आज भांडावयाचे, त्याच्याच मदतीने उद्या होडी वाळूवर ओढावयाची असे. शिवाय दोघांचे बळ सारखे होते. एकाच्या हाती वल्हे व शीड, दुसऱ्याच्या हाती दोर. दोघांची जाळी सुती वा तागाची. कोणीही दुसऱ्याचा मासा एका रात्रीत उपसून नेऊ शकत नव्हता. मर्यादा टिकली ती चांगुलपणाइतकीच या समतोलामुळे टिकली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

हा प्रश्न केवळ कोकणचा आहे असेही नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे तारलीच्याच जातीचा पिल्चर्ड मासा उन्हाळ्यापासून किनाऱ्याजवळ येत असे. कड्यावर पहारेकरी बसे. घोळका दिसताच तो ओरडून व हातांच्या खुणांनी होड्यांना दिशा दाखवी आणि त्या घोळक्यास जाळ्याचा वेढा घालीत. आपल्या रापणीशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. तेथेही दूर समुद्रात वाहती जाळी सोडणाऱ्या होड्यांशी तंटे झाले. ते इतके वाढले की, १६६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून जून ते नोव्हेंबर या महिन्यांत किनाऱ्यापासून दीड लीगच्या, म्हणजे सुमारे साडेचार मैलांच्या आत अशी जाळी टाकण्यास बंदी केली. पुढे १८४१ च्या कायद्याने सेंट आयव्हिस येथील उपसागराचे सहा टापू पाडून त्यांवर पाळीने जाळे टाकण्याचे नियम ठरवून दिले. तेथे ज्या गोष्टीसाठी पार्लमेंटला कायदे करावे लागले, तीच गोष्ट आपल्या वाडीवाडीतून तोंडच्या शब्दावर चालत होती, हे आपल्या पूर्वजांना भूषणावह आहे.

हा समतोल बिघडला तो यंत्राच्या आगमनाने. स्वातंत्र्यानंतर मच्छीमारीच्या विकासासाठी होड्यांना इंजिने बसविण्यास सरकारने कर्जे व साहाय्य दिले. सुताच्या जागी नायलॉन आले. गोठविलेल्या कोळंबीला परदेशांत चांगली किंमत येऊ लागली, तसे तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फिरू लागले, कारण कोळंबी तेथेच अधिक. त्यानंतर पर्ससीन जाळी आली. ही जाळी घोळका किनाऱ्यास येण्यापूर्वीच त्याला बाहेर गाठून चहूबाजूंनी वेढतात आणि तळाची दोरी आवळून तो समूळ उचलतात. यंत्राने मासा वाढविला नाही. वाळूवर थांबून वाट पाहणाऱ्याच्या आधी तेथे पोहोचण्याचे सामर्थ्य मात्र दिले. कारवार-मंगळूरच्या बाजूस १९७५ च्या सुमारास पर्ससीन आल्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील रंपणी मोडकळीस आली.

गोव्यातील रांपणकारांनी या काळात मोठा लढा दिला. माथानी साल्ढाणा हे त्यांचे पुढारी होते, आणि या चळवळीतूनच देशभरातील मच्छीमारांच्या राष्ट्रीय संघटनेस चालना मिळाली. केंद्र सरकारने १९७६ साली मजुमदार समिती नेमली. पुढे गोव्याने १९८० साली व महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. गोव्यात किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटरांचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. महाराष्ट्रात कोठे पाच, तर कोठे दहा वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलरना मनाई झाली. केरळ राज्याने आपल्या सागरी हद्दीत पर्ससीनवर घातलेली बंदी १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. आपल्या राज्यातही २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर क्षेत्राचे व हंगामाचे निर्बंध घालण्यात आले, आणि २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. २०२१ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून दंड कडक केले.

हे कायदे नीट वाचले असता एक गोष्ट दिसून येते. त्यांतील मुख्य नियम जुन्या मर्यादेचेच सरकारी रूप आहे : ज्याला दूर जाता येते त्याने दूर जावे, आणि किनारा किनाऱ्यावरच्यास सोडावा. म्हणून कायद्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु कायद्याला रात्री समुद्रावर डोळे नसतात. वाव मोजणारा अधिकारी प्रत्येक जाळ्यापाशी उभा राहू शकत नाही. जुनी मर्यादा मोडणारास दुसऱ्या दिवशी वाडीत तोंड दाखवावे लागे. आजचा दंड भरणारास ती लाज उरलेली नाही. दंड हा खर्चाचाच एक भाग समजून पुन्हा आत शिरणारे असतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

याहून अवघड गोष्ट अशी की, आज होडी आणि किनारा हे दोन पक्ष आपल्याच समाजात आहेत. परक्या बंदरातील नौकांना दोष देणे सोपे आहे. परंतु आपल्यातीलच काही तरुणांनी कर्जे काढून यांत्रिक नौका घेतल्या, त्या पाण्यावर चालवून हप्ते फेडणे त्यांना भाग आहे; आणि त्यांचेच चुलते व मामा वाळूवर रापणीची वाट पाहत बसलेले आहेत. त्या तरुणांना शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि रापणकारांना जुनाट ठरवूनही सुटणार नाही. एका समाजाची दोन घरे एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेणार असतील, तर स्मरणिकेत ऐक्याचे कितीही गोडवे गाइले तरी ते व्यर्थ होत.

यात आता तिसऱ्याची भर पडली आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यानंतर तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यांवर प्रवाशांच्या व जलक्रीडेच्या बोटी वाढल्या. त्या चालविणारेही पुष्कळ आपलेच बांधव आहेत आणि त्या धंद्याने अनेक घरांना आधार दिला आहे. परंतु वेगाने जाणाऱ्या बोटीतील पाहुण्याला पाण्याखालचा दोर दिसत नाही. तो चालविणारास माहीत असला पाहिजे. जाळे सोडलेले दिसताच वळसा घालावा, ही जुनी रीत त्यालाही तितकीच लागू आहे.

आमची सूचना अशी आहे. ज्या गावांत रापण अजून चालते, तेथील जाणत्या मंडळींकडून पाळ्या, टापूंची नावे, वाटणीचे हिशेब आणि होड्यांना वाट देण्याच्या रीती लिहून घ्याव्यात. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण ही माहिती ज्यांच्या स्मरणात आहे त्यांची संख्या दरसाल घटत आहे. त्यानंतर समाजाच्या पुढाकाराने दरवर्षी नारळीपौर्णिमेला, समुद्राला नारळ अर्पण करण्यापूर्वी, रापणकार, यांत्रिक नौकांचे मालक आणि प्रवासी बोटी चालविणारे यांनी एकत्र बसून त्या हंगामाची मर्यादा सर्वांसमक्ष ठरवावी. जो ती मोडील त्याचा न्याय प्रथम आपल्यातच व्हावा. कायद्याचा दरवाजा त्यानंतर आहेच.

आपल्या पूर्वजांनी एका पाण्यावर दोन तऱ्हेची माणसे जगविली. त्यांच्यापाशी नायलॉन नव्हते, इंजिन नव्हते, कायद्याची पुस्तके नव्हती. सोडलेल्या जाळ्याला वळसा घालण्याइतका विचार मात्र होता. तेवढा वारसा तरी आपण सांभाळावा, अशी सर्व ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.