तहसीलचा निकाल की कोर्टाचा? बारामती-इंदापूरचा दावा कुठून कुठे जातो आणि न्यायाधीश कोण निवडतं, जाणून घ्या

बारामती / इंदापूर : बांध कोरला, रस्ता अडवला, भावाने वाटप नाकारलं. गावाकडचं भांडण बहुतेक इथूनच सुरू होतं. ‘कोर्टात खेचतो’ म्हणत माणूस एसटी धरतो आणि उतरतो तहसील कचेरीसमोर. तिथेही अर्ज घेतात, नोटीस निघते, तारखा पडतात, वकील उभे राहतात, निकालही लागतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की हेच कोर्ट. पण ते महसूल खात्याचं काम आहे, न्यायपालिकेचं नाही. हा फरक उशिरा कळला, तर वर्षं वाया जातात.

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी हे सरकारी अधिकारी. त्यांची नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यावरचा तहसीलदारांचा निर्णय मान्य नसेल, तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. फेरफाराच्या नोंदीवरचं अपील प्रांतांकडे जातं. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचे प्रांत बारामतीलाच बसतात.

मात्र जमीन नेमकी कुणाची, हे यापैकी कुणीच ठरवत नाही. फेरफाराची नोंद महसुलाच्या कामासाठी असते, तिच्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असं सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलं आहे. प्रांतांकडे नोंद जिंकलेला माणूस दिवाणी कोर्टात जमीन हरू शकतो, तो याचमुळे.

मालकी, वाटप, कब्जा, मनाई हुकूम हे सगळं दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतं. तालुक्याच्या कोर्टात बसणारे कनिष्ठ स्तर न्यायाधीश बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. म्हणजे सकाळी वाटपाचा दावा आणि दुपारी मारामारीची केस, समोर साहेब तेच. ठरावीक रकमेवरचे दावे वरिष्ठ स्तराकडे जातात. शेतजमिनीची ही रक्कम बाजारभावाने नाही, तर सातबाऱ्यावरच्या आकाराच्या पटीत मोजतात. त्यामुळे लाखमोलाची बागायतही कागदावर स्वस्त दिसते.

फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. खून, बलात्कारासारखे खटले सत्र न्यायालयात चालतात. त्यासाठी बारामतीला अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश आहेत, त्यामुळे दरवेळी पुण्याच्या शिवाजीनगरला जावं लागत नाही. फाशी दिली, तर ती हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

नदीपलीकडे कोल्हापूर, अलीकडे मुंबई

पुणे जिल्ह्यातलं प्रकरण जिल्हा न्यायालयाच्या वर गेलं, की मुंबई हायकोर्टात जातं. हे हायकोर्ट १८६२ चं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी इथे त्याची खंडपीठं आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आले. पुणे नाही. म्हणून नीरेपलीकडच्या फलटण, माळशिरसच्या लोकांचं अपील आता कोल्हापूरला, आणि अलीकडच्या बारामती, इंदापूरचं मुंबईलाच. नीरा-नरसिंहपूरच्या संगमावरून दोन हायकोर्टांची हद्द दिसते म्हटलं तरी चालेल, हायकोर्ट खरं तर एकच असलं तरी!

हायकोर्टात दुसऱ्या अपिलात साक्षीदार पुन्हा तपासत नाहीत. तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा पाहतात. बांध कुठे होता, पैसे कुणी दिले, सही कुणाची, हे ठरतं ते तालुक्याच्याच कोर्टात. म्हणून तिथे कोण बसतं, हा प्रश्न मोठा.

न्यायाधीश कोण निवडतं?

तालुक्याचे न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. पूर्व, मुख्य, मग मुलाखत. मराठी लिहिता, वाचता, बोलता यावंच लागतं. पूर्वी चांगल्या गुणांनी एलएलबी झालेल्यांना थेट परीक्षा देता यायची. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. कोर्टाची पायरीच न चढलेल्या पोराने खटला चालवावा का, हा वाद जुना होता. नेमणुकीचा आदेश राज्यपालांच्या नावे निघतो.

जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी काही बढतीने भरतात, काही खात्यांतर्गत परीक्षेने आणि चौथा हिस्सा थेट भरतीने. हायकोर्टाचे न्यायाधीश मात्र कुठलीही परीक्षा देत नाहीत. ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम नावं सुचवतं, ती केंद्र सरकारकडे जातात आणि राष्ट्रपती नेमणूक करतात. ही पद्धत बदलण्यासाठी संसदेने आणलेला आयोग २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. बंद दाराआड नावं ठरतात, ही तक्रार त्याआधीही होती आणि अजून आहे.

नेमणूक झाल्यावर तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांची बदली, बढती, चौकशी राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाच्या हातात असते. तहसीलदारांची बदली मंत्रालयातून होऊ शकते, न्यायाधीशांची नाही. आमदार-मंत्र्यांचं पत्र घेऊन कोर्टात जाण्याचा उपयोग शून्य, उलट अंगाशी येतं. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो फसवतोय असंच समजा. सरकारी वकील सरकार नेमतं, पण ते न्यायाधीश नव्हेत, हेही अनेकांना माहीत नसतं.

निकाल चुकीचा वाटला, तर त्यावर उपाय तक्रारीचा नाही, अपिलाचा आहे. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, हायकोर्टात ९० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा. वाटपाचा हुकूमनामा हातात आला, तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप महसूल खात्याकडूनच होतं. मोजणीसाठी पुन्हा तिकडचेच हेलपाटे असतात.

पुढची तारीख मोबाईलवर कळते. ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकायचा, पुणे जिल्ह्याचा तो ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. वकिलांकडून हा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. वकील परवडत नसेल, तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.