डॉलर, १७९४ चा रौप्य (प्रतवारी व मूल्य)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले रौप्य डॉलर-नाणे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १५ ऑक्टोबर १७९४ रोजी याचे १,७५८ नग खजिनदाराच्या सुपूर्द झाले. दर्शनी बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता व पृष्ठभागी गरुड असून ठसे रॉबर्ट स्कॉट याने कोरले.

विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी योजलेली १ ते ७० अंकांची श्रेणी पुढे सर्वच नाण्यांस लागू झाली; तथापि या डॉलरच्या बाबतीत केवळ अंकावर विसंबणे धोक्याचे आहे. टांकसाळीचे यंत्र एवढ्या मोठ्या नाण्यासाठी अपुरे पडले व ठसेही परस्परांस समांतर बसले नाहीत, त्यामुळे डावीकडील तारका कोऱ्या नाण्यावरही पुसट असतात. ही उणीव झिजेची नव्हे, हे ओळखण्यासाठी केसांचे उंचवटे व सपाट भागावरील मूळ झळाळी भिंगाखाली तपासावी लागते. तसेच वजनास जड ठरलेली चकती ठसा उमटवण्यापूर्वी कानशीने घासत, त्या समांतर रेघा दोष न मानता टांकसाळीची खूण मानणेच न्याय्य होय. याउलट नंतर चकाकी आणण्यासाठी घासलेले किंवा छिद्र बुजवलेले नाणे, ठसा कितीही स्पष्ट असला तरी, किमतीत फार खाली येते.

उपलब्ध नाण्यांतील सर्वोत्तम नगास जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १,००,१६,८७५ डॉलर मिळाले. सामान्य प्रतीच्या नगांची किंमत मात्र पूर्वमालकांच्या विश्वसनीय नोंदींवरही बरीच अवलंबून असते.