पाचवी मागणी: गिरणीत तुटलेल्या बोटाचा हिशोब



नारायण मेघाजी लोखंडे हे नाव घेतलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली आणि तिथून फॅक्टरी कमिशनसाठी एक अर्ज तयार झाला. पाच हजारांहून जास्त कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. मग दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण यादीत पाचवी मागणीही होती. ती अशी: काम करताना जबर दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

रविवार १८९० साली मिळाला. या पाचव्या मागणीला मात्र चाळीस वर्षं लागली. आणि ती कायद्यात उतरल्यावरसुद्धा कामगाराच्या हातात पैसे पडायला आणखी एक गोष्ट लागत होती. आजचा भाग त्या गोष्टीबद्दल आहे.

आधी गिरणीच्या आत जाऊन येऊ. वर छताला फिरणारा लांबलचक शाफ्ट, त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे पट्टे. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्या पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जायचा. साचेखात्यात धोटा सुटून उडाला की शेजारच्या विणकराचा डोळा जायचा. कार्डिंगमध्ये यंत्र चालू असताना साफसफाई करायची म्हणजे बोटांशी खेळ. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ‘नशिबात होतं’ म्हणून सोडूनही दिलं जायचं.

मग तेव्हा कायदा नव्हताच का? होता, पण कामगाराच्या आवाक्यातला नव्हता. १८५५ च्या एका कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या बायकोमुलांना दावा लावता येत होता. पण दावा दिवाणी कोर्टात. म्हणजे कोर्ट फी, वकिलाची फी आणि तारखा आल्या. शिवाय मालकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी विधवेवर! साक्षीदार कोण? त्याच खात्यातले कामगार. आणि त्यांची नोकरी कुणाच्या हातात? जॉबरच्या. आता सांगा, कोण साक्ष देणार?

त्यावर इंग्लंडमधून आलेला एक बचाव होता. मालक म्हणायचा, “चूक माझी नाही, तुमच्याच सोबतच्या कामगाराची आहे. नोकरी धरलीत तेव्हा हा धोका तुम्ही पत्करलात.” १८३७ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून हे तत्त्व रुजलं. आपल्याकडे हा बचाव बंद करणारा वेगळा कायदा यायला १९३८ साल उजाडलं.

आता येतो मुख्य बदल. मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. याची खरी क्रांती एका वाक्यात सांगता येते: चूक कुणाची, हा मुख्य प्रश्नच राहिला नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं दाखवलं की भरपाईचा हक्क. दारू पिऊन काम, मुद्दाम नियम मोडणं, सुरक्षेची जाळी जाणूनबुजून काढणं, असे काही अपवाद होते, पण नियम हा. निवाडा दिवाणी कोर्टाऐवजी खास नेमलेल्या आयुक्तांपुढे.

आणि भरपाई किती? इथे कायदा एखाद्या दुकानदारासारखा दरपत्रक घेऊन बसलेला दिसतो. कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार, पण २,५०० रुपयांच्या वर नाही. कायमचा पूर्ण अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार, वरची मर्यादा ३,५०० रुपये. आणि एखादाच अवयव गेला तर त्या पूर्ण रकमेचे टक्के ठरलेले. उजवा हात कोपराखाली गेला तर साठ टक्के, डावा गेला तर पन्नास. एक डोळा तीस टक्के. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. बाकीचं कुठलंही बोट पाच.

हिशोब करून बघू. समजा, विणकराचा पगार महिना ४० रुपये. बेचाळीस महिन्यांचे झाले १,६८०. त्याचा डोळा गेला तर ५०४ रुपये. मधलं बोट तुटलं तर ८४ रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या पगाराहून थोडे जास्त. आणि दुखापत दहा दिवसांत बरी झाली तर काहीच नाही. ऐकताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण दुसरी बाजूही बघा. आदल्या वर्षापर्यंत त्याच बोटाची कायद्याच्या भाषेत ठरलेली किंमत शून्य होती.

बरं, हक्क मिळाला. पुढे काय? अपघाताची सूचना द्यायची. सहा महिन्यांच्या आत दावा करायचा. अर्जात पगार, तारीख, दुखापत, मालकाचं नाव सगळं नीट लिहायचं. डॉक्टरांच्या तपासणीला जायचं. आणि हे कुणी करायचं? तर ज्याचा उजवा हात गेलाय आणि ज्याला डाव्या हातानेही सही करता येत नाही त्याने. किंवा रत्नागिरीतल्या गावी बसलेल्या त्याच्या विधवेने, जिला मुंबईत असं काही ऑफिस आहे हेच माहीत नाही.

दरम्यान घरी जॉबर येणार. वीस-पंचवीस रुपये हातावर ठेवणार. “शेठ चांगला माणूस आहे, अंगठा लाव, उद्यापासून हलकं काम देतो.” ही धमकी म्हणावी तर धमकी नाही, आणि तरी आहेच.

कायदा लिहिणाऱ्यांना याचा अंदाज होता, असं त्यातली कलमं वाचताना जाणवतं. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरायचे नाहीत. जखमी कामगाराशी समझोता केला तर त्याची नोंदणी आयुक्तांकडे करायची, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव, फसवणूक दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकत होते. ‘मी हक्क सोडला’ असा करार मुळातच रद्द. भरपाईवर जप्ती आणता येत नव्हती, म्हणजे दाराशी बसलेल्या सावकाराचा हातही तिथे पोचत नव्हता.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कलम चोविसावं. कामगाराच्या वतीने आयुक्तांपुढे वकील उभा राहू शकत होता. पण वकीलच हवा असं नव्हतं. परवानगी असेल तर कामगाराने अधिकार दिलेला दुसरा माणूसही उभा राहू शकत होता. पुढे या कलमात नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याचा नाव घेऊन उल्लेख आला.

बारीकशी वाटणारी ही फट फार मोठी होती. कारण त्या काळी गिरणगावात कायद्याचं काम फुकट करून देणारी माणसं तयार होत होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले नारायण मल्हार जोशी, म्हणजे ना. म. जोशी, यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. आपण तिला वाचनालयं आणि रात्रशाळांसाठी ओळखतो. पण गरीब, निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला आणि मदत देणं हेही तिच्या कामांपैकी एक होतं. १९२६ मध्ये मुंबईत टेक्सटाइल लेबर युनियन उभी राहिली, तिचे अध्यक्षही जोशीच. आणि १९२४ मध्ये, म्हणजे हा कायदा लागू झाला त्याच वर्षी, मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी सुरू झाली. गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

जोशी पुढे १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे सदस्यही झाले. कमिशनच्या अहवालानंतर १९३३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता प्राणघातक अपघाताची बातमी मिळाली की आयुक्त स्वतःहून मालकाला विचारू शकत होते: कसा झाला अपघात, भरपाई भरणार का? म्हणजे गावाकडच्या विधवेने दार ठोठावण्याची वाट बघत बसायची गरज उरली नाही. दहा दिवसांची अटही सातवर आली.

दरपत्रकाचं काय झालं, तेही ऐका. ओडिशात एका सिनेमागृहाचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हा अंशतः अपंग आहे, टक्क्यांप्रमाणे द्या. आयुक्त म्हणाले, एका हाताने सुतारकाम कसं करणार? याचं नुकसान शंभर टक्के. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टाने आयुक्तांचंच म्हणणं उचलून धरलं. पैसे अपघाताच्या दिवसापासून देणं लागतात, हेही सांगितलं. ही गोष्ट १९७५ च्या शेवटची. तक्त्यात हाताचा दर होता, त्या हाताने काय केलं जायचं याचा नव्हता. ते कुणीतरी आयुक्तांपुढे मांडावं लागलं.

म्हणून मला वाटतं, पाचव्या मागणीचा इतिहास फक्त कायद्यांच्या तारखांचा नाही. कामगाराच्या शेजारी कोण उभं राहिलं, त्याचा आहे.

आज त्या कायद्याचं नाव बदललंय, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यातल्या तरतुदी नव्याने मांडल्या गेल्यात. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मागता येतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे ऑफिस असतं, आणि १५१०० हा फोन नंबरही आहे. तरी बांधकामावरून पडलेल्या माणसाच्या घरी आजही आधी मुकादमच पोचतो, हातात थोडे पैसे आणि एक कागद घेऊन.

तुमच्या ओळखीत असं काही घडलं, तर त्या कागदावर अंगठा उठायच्या आत तुम्ही पोचा. एवढंच सांगायचं होतं. भेटू पुढच्या भागात.